कॅमेऱ्याची पारख

आमच्या रोह्याच्या घरांत गेल्या वर्षीं आषाढाच्या आरंभीं एक प्रश्न उपस्थित झाला आणि तो दसऱ्यापर्यंत कांहीं सुटला नाहीं. प्रश्न दिसावयास साधा होता: धाकट्या भावाच्या मुलाला कॅमेरा घेऊन द्यावा कीं देऊं नये? मुलगा बावीस वर्षांचा. शिक्षण संपवून नुकताच नोकरीस लागलेला. फोटोग्राफीचा नाद लहानपणापासूनचा. परंतु त्याच्या मनांत भरलेलें यंत्र साधें नव्हतें. 'फुजीफिल्म एक्स-टी ५' हें त्याचें नांव. बाजारांत आलें तेव्हां भिंगावांचून नुसत्या अंगाचीच किंमत दीड लाखाच्या वर होती. आमच्या घरीं चौदा माणसें एका चुलीवर जेवतात. अशा घरांत दीड लाख रुपये कोणा एकट्याचे नसतात. थोरल्या बंधूंनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे, फोनमध्यें कॅमेरा आहे, मग हा आणखी कशाला?"

प्रश्न वाजवी होता आणि उत्तर कोणाजवळच तयार नव्हतें. सुदैवानें माझ्या मुंबईच्या मामेभावाजवळ हेंच यंत्र होतें. त्यानें तें दोन भिंगांसह दसऱ्यापर्यंत वापरावयास दिलें. वापरून पाहावें आणि मग काय तें ठरवावें, असा निर्णय झाला. आणि तरुणपणीं फिल्मच्या कॅमेऱ्यावर हात बसलेला म्हणून परीक्षकाचें काम माझ्याकडे आलें. त्या तीन महिन्यांत जें दिसलें तें येथें सांगत आहें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा वाद आज ना उद्यां निघाल्यावांचून राहणार नाहीं.

कॅमेऱ्यांची परीक्षा करणारे तज्ज्ञ हल्लीं पुष्कळ झाले आहेत. ते छापील तक्त्यांचे फोटो काढून त्यांवरील बारीक रेघा मोजतात, एकाच वस्तूची दहा यंत्रांनीं काढलेलीं चित्रें शेजारीं शेजारीं मांडतात. त्यांचें काम खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु ते तक्ते कोरड्या, उजळ खोलींत टांगलेले असतात. रोह्यांत मृगापासून हस्तापर्यंत कपाटांतल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते आणि मजघरांत भर दुपारीं दिवा लावावा लागतो. आमची परीक्षा आमच्याच घरीं होणें प्राप्त होतें.

घरच्या पैशानें कॅमेरा आणावा कीं नाहीं, ही विवंचना आपल्याकडे कांहीं नवी नाहीं. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या मंडळींपैकीं होते. पण तेव्हां हा षोक डॉक्टर, सरदार नि साहेब लोक यांचा. मध्यम स्थितींतील गृहस्थानें संसार पणाला लावून कॅमेरा आणल्याचें ठळक उदाहरण दादासाहेब फाळके यांचें. १९१२ सालीं विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून त्यांनीं लंडन गांठलें आणि विल्यमसनचा सिनेमा-कॅमेरा घेऊन ते परतले. परतल्यावर पहिली गोष्ट कोणती केली? कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून तो वाढेपर्यंत नेमानें एकेक चित्र घेऊन 'अंकुराची वाढ' ही चिमुकली फिल्म तयार केली. ती पाहून लोकांना खात्री पटली आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' निघाला. फिल्मला भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें सरस्वतीबाई फाळके घरांत करीत. ही कथा मीं मोठ्या उत्साहानें वहिनींना सांगितली. त्या भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, सरस्वतीबाईंनीं केलें तें सगळें केलें, आणि नांव कोणाचें झालें तें पाहा." यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. फुजी ही कंपनी १९३४ सालीं जपानांत निघाली ती मुळीं फोटोची फिल्म करण्यासाठीं. फिल्मचा धंदा ओसरला तेव्हां कोडॅकसारखी बलाढ्य कंपनी २०१२ सालीं दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. आणि नवल असें कीं, डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ सालीं त्याच कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन नांवाच्या इंजिनिअरानें बनविला होता. तो नमुना साडेतीन किलोंच्या वर भरे आणि दहा हजार ठिपक्यांचें एक चित्र कॅसेटवर उतरविण्यास तेवीस सेकंद घेई. नोव्हेंबर २०२२ मध्यें बाजारांत आलेला हा एक्स-टी ५ बॅटरीसकट ५५७ ग्रॅम भरतो आणि त्याच्या एका चित्रांत चार कोटी ठिपके असतात.

चार कोटींनीं दिपून जावयाचें कारण नाहीं. त्याचा व्यवहारांतला अर्थ असा: चित्राची लांबी ७७२८ ठिपके आणि रुंदी ५१५२. चांगल्या छपाईस इंचामागें तीनशें ठिपके लागतात असें धरलें, तर सुमारें पंचवीस इंच लांब व सतरा इंच रुंद एवढी तसबीर कसर न दिसतां निघते. ज्याला फोटो फोनच्याच कांचेवर पाहावयाचा आहे, त्याला याच्या दहाव्या हिश्शाचेंही काम पडत नाहीं.

मला जी गोष्ट खरोखर आवडली तिचा आंकड्यांशीं संबंध नाहीं. यंत्राच्या डोक्यावर तीन चकत्या आहेत. डावीकडची संवेदनक्षमतेची, म्हणजे आय. एस. ओ.ची, उजवीकडची शटरच्या वेगाची, तिच्या कडेला उजेड थोडा कमीजास्त करण्याची. छिद्र लहानमोठें करण्याचें कडें बहुतेक भिंगांवरच बसविलेलें आहे. यंत्र बंद असतांही कोणती गोष्ट कोठें आहे तें डोळ्यांना दिसतें. चाळीस वर्षांपूर्वीं बोटांना लागलेली संवय क्षणांत परत आली. याहून महत्त्वाचें म्हणजे पुतण्या ज्या गोष्टी आजवर पडद्यावरचीं चिन्हें दाबून करीत असे, त्यांचीं कारणें त्याला प्रथमच उमगलीं. छिद्र एक पायरी उघडलें तर प्रकाश दुप्पट येतो. मग शटर एक पायरी जलद करावें लागतें. हें त्याला पुस्तकांत वाचून ठाऊक होतें. चकतीचा खट् असा आवाज ऐकून समजलें.

थोरल्या बंधूंच्या फोनच्या प्रश्नाचें उत्तर गौरींच्या दिवशीं मिळालें, पण तें अर्धेंच. यंत्राच्या पोटांतला जो पाटीसारखा तुकडा प्रकाश टिपतो, त्याला सेन्सर म्हणतात. या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारें साडेतेवीस मिलिमीटर लांब व साडेपंधरा रुंद आहे. फोनमधील मोठ्यांतल्या मोठ्या सेन्सरच्या तो क्षेत्रफळानें तिप्पट भरतो आणि सामान्य फोनच्या सेन्सरच्या तर पांचपट किंवा त्याहूनही अधिक. अंगणांत पातेलें ठेविलें तर वाटीपेक्षां त्यांत पाऊस अधिक सांठणार, इतकी ही साधी गोष्ट आहे. फोन ही उणीव हिशेबानें भरून काढतो: एका दाबासरशीं तो अनेक चित्रें घेतो, तीं एकमेकांवर बसवितो आणि अंधार उजळून देतो.

मजघरांत गौरींपुढें दोन समया आणि वर एक पिवळा दिवा एवढाच उजेड होता. ३५ मिलिमीटरचें, एफ २ इतकें उघडणारें भिंग लावून, आय. एस. ओ. ३२०० वर, सेकंदाच्या तिसाव्या हिश्शांत मीं फोटो घेतला. त्याच वेळीं पुतणीनें फोननें घेतला. दोन्ही चित्रें आत्यापुढें धरलीं. आत्या सत्त्याऐशीं वर्षांची आहे. डोळे अजून तल्लख. फोनमधील चित्र लख्ख होतें. कोनाडा, तुळया, मागची दोरीवरचीं धुणीं, सारें दिसत होतें. दुसऱ्यांत गौरींचे मुखवटे, हिरव्या शालूचा कांठ आणि समईची ज्योत एवढेंच उजेडांत, बाकीचें मजघर जसें असतें तसें अंधारांत. आत्या म्हणाली, "ही फोनांतली गौर दुकानांत बसलेली वाटते. ही दुसरी आपल्या घरची."

उत्तर अर्धेंच असें म्हणालों, त्याचें कारण पुढें आहे. त्याच संध्याकाळीं कॅमेरा हातोहात फिरला आणि घरांतल्या इतर मंडळींनीं बावीस फोटो घेतले. त्यांतले चौदा हललेले. फोननें घेतलेले एकूण एक नीट. यंत्रांतील सेन्सर तरंगता ठेविलेला असतो आणि हाताचा कंप तो सांवरून घेतो. कारखान्याच्या सांगण्याप्रमाणें सात पायऱ्यांपर्यंत. माझ्या साठी उलटलेल्या हाताला चार पायऱ्यांचा लाभ मिळाला, म्हणजे सोळापट सावकाश शटर चाललें, आणि तेंही थोडें नव्हे. परंतु समोरचें पोर उडी मारीत असेल तर त्याला सेन्सर काय करणार? ज्या घरांत यंत्र शिकण्याची कोणाची तयारी नाहीं, त्या घरानें फोनवरच संतुष्ट असावें, असें मी थोरल्या बंधूंना मोकळेपणानें सांगितलें. त्यांचा चेहरा थोडा खुलला.

आतां पावसाविषयीं. कोंकणांत ही परीक्षा सर्वांत कडक. या कॅमेऱ्याच्या अंगाला छप्पन्न ठिकाणीं पाणी व धूळ अडविणारे सांधे आहेत असें कारखाना सांगतो. श्रावणांत कुंडलिकेचें पाणी तांबडें होऊन काठाला लागलें होतें, तेव्हां पुतण्यानें पाऊण तास भुरभुर पावसांत उभें राहून फोटो घेतले आणि यंत्राला कांहीं झालें नाहीं. मात्र येथें एक मेख आहे, आणि विकत घेतांना बहुतेक लोक ती विसरतात. अंग पावसाचें असलें तरी भिंग पावसाचें असेलच असें नाहीं. फुजीच्या ज्या भिंगांच्या नांवांत 'डब्ल्यू आर' हीं अक्षरें असतात तींच पावसांत चालावयाचीं. १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग अत्यंत लोकप्रिय आहे आणि दृष्टीनें उत्तमही आहे. पण त्यावर तीं अक्षरें नाहींत. ३५ मिलिमीटरचें एफ २ भिंग फक्त १७० ग्रॅमचें, आणि त्यावर तीं आहेत. पेणपासून महाडपर्यंत राहणाऱ्यानें भिंग घेतांना हा फरक पाहावा. सतराशें साठ इतर गुणांची चर्चा मग करावी.

सरळ अंगावर येणाऱ्या पावसापेक्षां हवेंतला दमट ओलावा अधिक वाईट. भिंगाच्या कांचांमध्यें बुरशीचें जाळें धरतें, आणि एकदां मुरलें कीं कांचेवरील लेप खाऊन टाकतें. माझीं जुनीं दोन भिंगें अशीं गेलीं, आणि दोष सर्वस्वीं माझा: तीं मीं मोठ्या प्रेमानें चामड्याच्या पेटींत घालून कपाटांत ठेविलीं होतीं. चामडें ओल धरून ठेवतें. हवेंतील आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर राहिली कीं बुरशीला सोयीचें होतें; भिंगांना चाळीस ते पन्नास टक्के मानवते. यासाठीं विजेवर चालणारीं कोरडीं कपाटें मिळतात. तें परवडत नसेल तर घट्ट झांकणाचा प्लास्टिकचा डबा, आंत सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखविणारें लहानसें घड्याळ एवढ्यावर काम भागतें. सिलिकाच्या खड्यांचा रंग पालटला कीं ते तापवून पुन्हां वापरतां येतात. डब्यांत तांदूळ घालूं नयेत. त्यांचा कोंडा भिंगांत शिरतो. आणखी एक: दिवा-रोहा गाडीनें यंत्र आणलें तर चिंता नाहीं, पण थंडगार मोटारींतून उतरतांच पिशवी उघडूं नये. कांचेवर एकदम दंव जमतें. पिशवी बंद ठेवून अर्धा तास दम धरावा.

रानांतील पांखरांसाठीं हें यंत्र घ्यावें काय, असें पुतण्याच्या एका मित्रानें विचारलें. रोहा व मुरूड तालुक्यांच्या हद्दीवर फणसाडचें अभयारण्य आहे. एके काळचें जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें रान, १९८६ पासून संरक्षित. शेकरूच्या आशेनें आम्हीं तेथें एक पहांट घालविली. बसलेल्या पांखराचें चित्र चार कोटी ठिपक्यांमुळें पुष्कळ कातरतां येतें, हा मोठा लाभ. परंतु आवाज न करणारें इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीनें वाचतें. पहिली ओळ वाचून होऊन शेवटची येईपर्यंत पांखराचा पंख पुढें गेलेला असतो, आणि चित्रांत तो वांकडा उतरतो. घरच्या पंख्याचीं पातीं टिपून पाहिलीं तरी हें कळतें. उडत्या पांखरांसाठीं यांत्रिक शटरच वापरावें लागतें. ज्याचा जीव पांखरांतच रमतो, त्यानें कॅननचा आर ७ किंवा सोनीचा ६७०० हीं यंत्रेंही हाताळून पाहावींत. हालत्या वस्तूचा पाठलाग करण्यांत त्यांचा लौकिक अधिक आहे. आपलाच चेहरा पाहत बोलपट काढणाऱ्यांनाही एक्स-टी ५ सोयीचा नाहीं, कारण त्याचा मागचा पडदा पुढें वळत नाहीं. शेकरू दिसली नाहीं.

माझ्या दृष्टीनें खरी परीक्षा भाद्रपदाच्या अखेरीस झाली.

माझ्या आजीचा घरांत एकच फोटो आहे. १९४० च्या पुढें एकदोन वर्षांत पेणहून आलेल्या फोटोग्राफरनें तो अंगणांत घेतला. आजी खुर्चीवर बसलेली, नऊवारी, नथ, हात मांडीवर. हा फोटो पिढ्यान् पिढ्या मजघरांत टांगलेला. एका पावसाळ्यांत भिंतीची ओल चौकटींत उतरली आणि कागदावरचा लेप कांचेला चिकटून बसला. सोडवूं गेलें तर कांचेबरोबर चेहराही निघून येणार. दर वर्षीं डाग थोडा थोडा वाढत होता. आत्या रोज दुपारीं त्याखालीं बसते. आजी ही तिची आई. फोननें त्याची प्रत घेण्याचा प्रयत्न पूर्वीं झाला होता, पण कांचेवर खिडकीचें प्रतिबिंब आणि चेहऱ्यावर फोननें केलेला मेणासारखा गुळगुळीतपणा, यामुळें तो कोणालाच रुचला नाहीं.

या वेळीं आम्हीं नीट तयारी केली. रात्रीं सर्व दिवे मालविले. चौकट भिंतीवरून न काढतां तिच्यापुढें तिपाईवर कॅमेरा अगदीं समोरासमोर ठेविला. दोन्ही बाजूंनीं पंचेचाळीस अंशांत दोन सारखे दिवे. कॅमेऱ्यामागें वहिनींचें काळें लुगडें टांगलें, म्हणजे कांचेंत आमचींच तोंडें दिसूं नयेत. भिंगावर ध्रुवक गाळणी बसवून उरलेली चकाकी मारली. आय. एस. ओ. १२५, छिद्र एफ ८, शटर सेकंदभर उघडें, आणि बोटाचा धक्का लागूं नये म्हणून दोन सेकंदांनीं सुटणारा खटका. पुतण्यानें अकरा चित्रें घेतलीं. मग संगणकावर त्यांतलें एक मोठें करून तो पाहूं लागला.

लुगड्याच्या कांठावरची वेल दिसली. नथीतले मोती मोजतां आले. आणि खुर्चीच्या डाव्या हाताला, चित्राच्या अगदीं कडेला, जो आम्हीं सारे जन्मभर ओलीचा डाग समजत होतों, तो डाग नव्हता. तो लहान मुलाचा हात होता. चार बोटें खुर्चीच्या दांडीला घट्ट धरलेलीं. बाकीचें मूल चौकटीच्या बाहेर.

आत्याला बोलावून आणलें. तिनें पडद्याजवळ तोंड नेलें, बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "मला उभं राहूं देत नव्हते. फोटो हालेल म्हणून बाजूला केलं होतं." थोड्या वेळानें पुन्हां म्हणाली, "मी सोडलं नव्हतं तिला." पुतण्यानें संगणक तसाच चालू ठेवला व तो ओटीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून घरांत कॅमेऱ्याविषयींच्या बोलण्याचा सूर पालटला, हें खरें. पण परीक्षकानें अशा वेळींच सावध राहावयाचें असतें. हें चित्र चार कोटी ठिपक्यांनीं दिलें, कीं तिपाई, दोन दिवे आणि काळें लुगडें यांनीं? मीं याचा प्रामाणिक विचार केला. याच कंपनीचा एक्स-टी ४ हा २०२० सालीं निघालेला कॅमेरा आहे. ठिपके दोन कोटी साठ लाख, चकत्या त्याच, बॅटरी तीच, सेन्सर तरंगता, सांधे पावसाचे, वजन पन्नास ग्रॅम अधिक. तो पडताळून घेतलेला जुना मिळाला तर पुष्कळ पैसे वांचतात. त्याचें चित्र वीस इंचांपर्यंत छापतां येतें, आणि आमच्या घरांत त्याहून मोठी तसबीर लावण्यास भिंतच शिल्लक नाहीं.

दुसरा खर्च कोणी धरीत नाहीं, तो चित्रें जतन करण्याचा. एक्स-टी ५ चें न दाबलेलें कच्चें चित्र ऐंशी मेगाबाइटच्या घरांत जातें. कांहींही न गमावतां दाबलें तरी चाळीसच्या आसपास. गणपतीच्या दिवसांत आम्हीं बाराशें चित्रें घेतलीं, तेवढ्यानें जवळजवळ पन्नास गिगाबाइट भरलें. पुतण्याच्या मुंजीचे सगळे फोटो एका डिस्कवर होते. ती डिस्क एका सकाळीं खर्र असा आवाज करून गप्प झाली ती कायमची. दुसरी प्रत नव्हती. त्याच्या मुंजीचा आज एकही फोटो नाहीं, आणि ऐंशी वर्षांपूर्वींच्या आजीचा मात्र, ओल लागलेला का होईना, भिंतीवर आहे. या दोन्ही कॅमेऱ्यांत दोन कार्डें बसतात व प्रत्येक चित्र दोहोंवर एकाच वेळीं उतरवितां येतें. ही सोय मी फार मोठी मानतों. पण ती पहिल्या दिवसापुरती. पुढें दोन निराळ्या डिस्का हव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गांवीं. आणि निवडक चित्रें टिकाऊ रंगांनीं चांगल्या कागदावर छापून, कांचेला न चिकटतील अशीं मध्यें कागदाची पट्टी देऊन ठेवावयास हवींत.

दसऱ्याला लागून रोह्यांत धावीर महाराजांची पालखी निघते. तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, आणि ती पाहण्यास मुंबई-पुण्याचे रोहेकर घरीं येतात. पहांटेच्या अंधारांत पुतण्यानें ती टिपली. चित्रें सुंदर आलीं. आय. एस. ओ. ६४०० वर थोडी रवाळ दिसतात, फिल्मवर दिसत तशी. मला तें आवडलें, धाकट्या भावाला नाहीं. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर थोरल्या बंधूंनीं विचारलें, "आत्याचा हात जुन्या यंत्रांत दिसला असता का?"

मीं म्हणालों, "दिसला असता. नथीतले मोती कदाचित् मोजतां आले नसते."

ते म्हणाले, "मोती तीनच होते."

निर्णय असा झाला: एक्स-टी ४ जुना घ्यावयाचा, अंधारांत विजेरीचा झोत भिंगांतून आरपार टाकून बुरशी नाहीं ना, तें मी पाहावयाचें, त्याला ३५ मिलिमीटरचें एकच भिंग, निम्मे पैसे पुतण्याचे, निम्मे घराचे. वांचलेल्या पैशांत कोरडें कपाट, दोन डिस्का, आणि घरांतील सर्व जुन्या तसबिरींच्या प्रती. यंत्र घराचें, कपाटाची किल्ली वहिनींकडे. पुतण्या दोन दिवस कोणाशीं धड बोलला नाहीं. एक्स-टी ५ हें अधिक चांगलें यंत्र आहे हें त्याचें म्हणणें मला मान्य आहे. ज्याला मोठ्या तसबिरी छापावयाच्या आहेत, किंवा ज्याचा चरितार्थच यावर आहे, त्यानें तेंच घ्यावें असें मी आजही सांगेन. निक्कॉनचा झेड एफ हा तशाच चकत्यांचा, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा कोणी सुचवील; तो सातशें दहा ग्रॅमचा आहे आणि त्याचीं भिंगें महाग; माझ्या मानेला तो मानवणार नाहीं.

एक प्रयोग सांगावयाचा राहिला. फाळक्यांचा वाटाणा माझ्या डोक्यांतून जाईना, म्हणून श्रावणांत एक्स-टी ५ ची ठराविक वेळानें आपोआप चित्र घेण्याची सोय पाहण्यास मीं कडवे वाल निवडले. भिजवून, फडक्यांत बांधून, मग मूठभर दाणे ओल्या कापसावर पसरले. माडीवरच्या खोलींत एकच दिवा, दर दहा मिनिटांस एक चित्र. पहिला दिवस कांहीं घडलें नाहीं. दुसऱ्या रात्रीं सालीला चीर पडली आणि पांढरें नाक बाहेर आलें. तिसऱ्या दिवशीं दुपारीं झोपून उठलों तों कापूस रिकामा. चित्रें पाहिलीं: शेवटून तिसऱ्यांत वाल आहेत, शेवटून दुसऱ्यांत बांगड्या घातलेला एक हात, आणि शेवटच्यांत नुसता कापूस. खालीं येऊन विचारलें, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "बिरड्याला चार दाणे कमी पडत होते."

पुतण्यानें त्या साडेतीनशें चित्रांची पाऊण मिनिटाची फिल्म जोडली आहे. शेवटच्या हातासकट.